मॉरिशस आणि कोकणसादृश्याचा सिद्धान्त

चारी बाजूंनी पाणी असलेल्या भूभागाला बेट म्हणतात, ही शालेय भूगोलातली व्याख्या पर्यटनशास्त्राच्या दृष्टीने अगदीच अपुरी आहे. कारण पर्यटनशास्त्रात बेट म्हणजे ज्याला चार दिशा असतात आणि त्यांतील प्रत्येक दिशेसाठी न्याहारीसह एक स्वतंत्र दिवस आकारता येतो, असा भूभाग होय. हिंदी महासागरातील मॉरिशस हे या व्याख्येचे सर्वांत निर्दोष उदाहरण मानावे लागेल. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास निम्मे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून सुटलेली गाडी विरारला न थांबता थोडी पुढे गेली तर होईल तितकी. आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. विरारचा नोकरदार एवढे अंतर रोज दोनदा, तेही एका पायावर, कापतो आणि त्याला कोणी ‘नॉर्थ टूर’ म्हणत नाही. मॉरिशसमध्ये मात्र सहल-कंपन्यांच्या पत्रकात ‘नॉर्थ टूर’, ‘साऊथ टूर’ आणि पूर्वेकडच्या एका छोट्या बेटाची सफर अशी दिवसांची वाटणी ठरलेली असते, आणि मराठी पर्यटक ती वाटणी पंचांगातल्या तिथीइतकी निमूटपणे मान्य करतो.

या पर्यटकाच्या व्यवहारात दोन संज्ञा वारंवार येत असल्याने त्यांचा अर्थ आधी स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ‘कव्हर करणे’ ही पहिली संज्ञा होय. एखादे स्थळ पाहणे, समजून घेणे किंवा आवडणे यांच्याशी तिचा संबंध नसून, त्या स्थळी बसमधून उतरणे, छायाचित्र काढणे, स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी करणे आणि शेवटी आलेल्या दांपत्याकडे इतरांनी रोखून पाहणे या चार क्रिया पूर्ण झाल्या की स्थळ ‘कव्हर’ झाले असे समजतात. दुसरी संज्ञा पर्यटकाच्या तोंडी नसते, ती येथे सोयीसाठी घडवली आहे; ती म्हणजे ‘कोकणसादृश्य’. जगातील कोणताही किनारा, टेकडी, फळ, पाऊस किंवा मासा दृष्टीस पडताच “हे अगदी आपल्या कोकणासारखंच आहे” असे मोठ्याने म्हणण्याची मराठी माणसाची जी प्रवृत्ती, तिला कोकणसादृश्य म्हणावे. घाटावरच्या माणसातही ती तितक्याच जोमाने आढळते, किंबहुना ज्याचा कोकणाशी संबंध आंब्याच्या पेटीपुरता आहे त्याच्यात ती अधिक तीव्र असते. तरुण पिढीला या प्रवृत्तीची लाज वाटते, आणि साडेचार हजार किलोमीटर उडून येऊन कोकणच पाहायचे होते तर एस.टी. काय वाईट होती, असा प्रश्न प्रत्येक गटात कोणी ना कोणी विचारतेच. प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु मॉरिशसपुरते बोलायचे तर तो विचारणाऱ्याचे अज्ञान दाखवतो.

प्रवासाच्या काळाचाही थोडा विचार करायला हवा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आणि मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई दक्षिणेस सुमारे २० अंशांवर असल्यामुळे ही दोन बंदरे विषुववृत्ताचा आरसा मध्ये धरून एकमेकांकडे पाहत असावीत, अशी त्यांची मांडणी आहे. आरशात डावे-उजवे उलटते तसे येथे ऋतू उलटतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घामाघूम होऊन निघालेले कुटुंब थेट हिवाळ्याच्या तोंडावर उतरते. ही गोष्ट पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि ती वाचण्याचे काम प्रत्येक सदस्याने दुसऱ्यावर सोपवलेले असते. या बाबतीत एक थोर पूर्वपीठिका मात्र सांगता येते. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून या बेटावर आला तो १८३६ सालच्या एप्रिलच्या अखेरीस, आणि गेला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे तोही मे महिन्याच्या सुट्टीतलाच. राजधानीमागचा ‘ल पूस’, अर्थात ‘अंगठा’, नावाचा डोंगर तो चढला, आणि तेथील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे बेटावरचा एकुलता एक हत्ती होता त्यावर बसून फिरला. एवढा मोठा प्राणी चालताना पावलांचा आवाज कसा होत नाही, याचे त्याला नवल वाटले. उत्क्रांतिवाद पुढे काहीही म्हणो, परगावी गेल्यावर हत्तीवर बसून घ्यावे ही ओढ मनुष्यजातीत फारशी उत्क्रांत झालेली नाही, एवढे यावरून दिसते.

उत्तर दिशेचा दिवस साधारणतः प्रथम येतो. बेटाचा हा भाग सपाट असून तेथे उसाची शेते, ग्राँ बेसारखी हॉटेलांनी गजबजलेली गावे आणि उथळ निळे पाणी यांचे राज्य आहे. या पाण्याला ‘लगून’ म्हणतात. बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळांची भिंत आहे, महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि भिंतीच्या आत जे शांत पाणी कोंडून राहते ते लगून. त्याला भरती-ओहोटी फारशी जाणवत नाही, गर्जना नाही, आणि त्यात गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून पर्यटक तासन्‌तास आपल्याच पायाची बोटे पाहू शकतो. येथे कोकणसादृश्याला पहिला धक्का बसतो, कारण कोकणातला समुद्र असा पाळलेला नसतो. तथापि जाणकार काका लगेच “तारकर्लीला पाणी असंच नितळ असतं” असे सांगून सिद्धान्त सावरतात.

या बेटावरच्या गावांची नावे हा खरा अभ्यासाचा विषय आहे. डचांनी १५९८ साली हे बेट गाठून त्याला आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव दिले. १७१० पर्यंत ते कंटाळून निघून गेले. १७१५ पासून फ्रेंच आले आणि १८१० साली इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकले. जिंकताना मात्र रहिवाशांची भाषा, धर्म आणि कायदे कायम ठेवण्याचे त्यांनी मान्य केले, त्यामुळे आज तेथे वाहने इंग्रजांच्या नियमाने डाव्या बाजूने धावतात आणि फ्रेंच नावांच्या गावांत पोहोचतात. पाटीवरची अर्धी अक्षरे उच्चारायची नसतात, हा फ्रेंच भाषेचा नियम ज्यांना ठाऊक नाही अशांची तेथे जी अवस्था होते ती पाहता, ‘त्र्यंबकेश्वर’ वाचणाऱ्या परदेशी पाहुण्यावर आपण कधी हसू नये असे वाटू लागते. ‘कात्र बोर्न’ म्हणजे चार सीमा-दगड, ‘पूद्र दोर’ म्हणजे सोन्याची पूड, ‘त्रू दो दूस’ म्हणजे गोड्या पाण्याचे विवर, आणि ज्याच्या वनस्पती-उद्यानाची कीर्ती आहे ते ‘पांप्लमूस’ म्हणजे चक्क पपनस. उत्तर टोकाला समुद्रकाठी लाल छपराचे एक देखणे चर्च आहे. तेथे नवविवाहित जोडपी एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून छायाचित्रे काढतात, आणि त्या जागेचे नाव आहे ‘काप मालरो’, म्हणजे दुर्दैवी भूशिर. १८१० साली इंग्रजांचे सैन्य याच बाजूला उतरले, त्यामुळे निदान फ्रेंचांपुरते तरी नाव खरे ठरले. जोडप्यांना त्याचा अर्थ कोणी सांगत नाही, आणि सांगूही नये.

याच टोकासमोरच्या समुद्रातील लहान बेटांच्या बाबतीत तर नकाशा काढणारा डुलकी घेत असावा. ‘सपाट बेट’ सपाट नाही, त्याच्यावर टेकडी आणि टेकडीवर दीपगृह आहे; ‘गोल बेट’ गोल नाही; ‘सर्पबेट’ नावाच्या बेटावर सर्प नाहीत, आणि जे गोल नाही त्या गोल बेटावर मात्र ते आहेत. शेजारी असलेल्या या बेटांची नावे नकाशात एकमेकांना चिकटली असावीत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. सरकारी दप्तरात सातबारा उताऱ्यावर एका भावाच्या जमिनीला दुसऱ्या भावाचे नाव लागण्याचा अनुभव असलेल्या मराठी माणसाला हे स्पष्टीकरण पुरेसे वाटते, आणि कोकणसादृश्य येथे दुसऱ्याच मार्गाने सिद्ध होते.

पांप्लमूसच्या उद्यानाकडे थोडे अधिक थांबायला हवे, जरी पत्रकात त्याला पाऊण तासच दिलेला असला तरी. अठराव्या शतकात प्येर प्वाव्र नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने डचांच्या मक्तेदारीला चकवून पूर्वेकडील बेटांतून जायफळ आणि लवंगेची रोपे मिळवली आणि १७७० च्या सुमारास ती येथे लावली. मसाल्यांच्या या शिलेदाराच्या आडनावाचा फ्रेंचमधला अर्थ ‘मिरी’ असा आहे, हा योग एखाद्या कादंबरीकाराने जुळवला असता तर समीक्षकांनी त्याला झोडपले असते. मराठी पर्यटक या झाडांपाशी आला की त्याच्यातला बागायतदार जागा होतो. वाटाड्या पान चुरगाळून वास घ्यायला देतो आणि हे कशाचे झाड ओळखा असे सर्वांना विचारतो, युरोपीय पाहुणे डोळे मिटून अंदाज बांधत असताना गटातील मावशी दुरूनच दालचिनी, लवंग, जायफळ अशी ओळीने उत्तरे देतात आणि वर “जायपत्री कुठं टाकता तुम्ही?” अशी चौकशी करतात. तेथील तळ्यातल्या परातीएवढ्या पानांच्या कमळांपुढे त्या क्षणभर नरमतात, पण ते परातीशी तुलना झाल्यामुळेच. तालिपोट नावाचा एक ताड तेथे आहे. तो तीस ते ऐंशी वर्षे वाट पाहून आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलून झाल्यावर मरतो, हे ऐकून बहुतेक सर्व जण काही क्षण गप्प होतात आणि नंतर एकमेकांच्या निवृत्तीची चौकशी करतात.

पूर्व दिशा लवकर आटोपता येते. आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे या किनाऱ्यावर प्रथम येतात, म्हणून येथे टोप्या उडतात. आणि ‘इल ओ सर्फ’, म्हणजे हरणांचे बेट, येथे बोटीने जाऊन वाळूत बसायचे असते. हरणे तेथे नाहीत. पठारावरच्या ‘त्रू ओ सर्फ’ या हरणांच्या विवरातही ती दिसत नाहीत, आणि वायव्येच्या ‘त्रू ओ बिश’ या हरिणींच्या विवरात तर हॉटेले आहेत. डचांनी जावा बेटावरून १६३९ साली आणलेली हरणे मॉरिशसमध्ये अजून भरपूर आहेत, परंतु ती शिकारीसाठी राखलेल्या जमिनींवर आणि त्यानंतर रश्श्यात आढळतात. ज्या ज्या जागेला हरणाचे नाव आहे ती ती जागा त्यांनी कटाक्षाने टाळली असल्यास त्यांना दोष देता येत नाही.

बेटाच्या मधोमध पठार आहे, आणि मॉरिशसचे खरे वैविध्य समजून घ्यायचे तर दिशांपेक्षा उंची पाहावी लागते, हे सहल-कंपन्यांनी अद्याप मान्य केलेले नाही. समुद्रावरून आलेले वारे पठारावर चढताना थंड होतात आणि आपले पाणी तेथेच टाकून पश्चिमेकडे कोरडे उतरतात. वाऱ्याच्या पाठीमागच्या अशा कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, आणि ज्याने कराडहून विट्याकडे प्रवास केला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या चौथाईच्या आसपास. दोहोंमधले अंतर बसने तासाभराचेसुद्धा नाही. परिणामी एकाच सकाळी पर्यटक निळ्या चष्म्यात निघतो, क्युअरपिप या गावी छत्री विकत घेतो, आणि दुपारी फ्लिक आँ फ्लाकच्या वाळूत ती रोवून तिच्या सावलीत बसतो. क्युअरपिपविषयी असे सांगतात की बेट ओलांडणारे जुने प्रवासी व सैनिक येथे थांबून आपला चिलमीसारखा पाइप साफ करत, त्यावरून हे नाव पडले. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीत किनाऱ्यावरची माणसे ताप टाळण्यासाठी या उंचावर राहायला आली आणि गाव वाढले. डासांपासून सुटका झाली आणि पाऊस पदरी पडला, अशी ती तडजोड होती. ४००० मिलिमीटर हा आकडा ऐकून युरोपीय पाहुणे भुवया उंचावतात. मराठी गटात मात्र “महाबळेश्वरला याहून जास्त पडतो” असे एक वाक्य उमटते आणि पावसाचा विषय तेथेच संपतो.

क्युअरपिपच्या दक्षिणेला, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात, ‘ग्राँ बासँ’ अथवा ‘गंगा तलाव’ हे सरोवर आहे. १९७२ साली त्यात भारतातून आणलेले गंगाजल घालण्यात आले, तेव्हापासून गंगेचा सासरवास येथपर्यंत लांबला असे म्हणता येईल. महाशिवरात्रीला सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येच्या या देशातील लाखो माणसे खांद्यावर कावडी घेऊन पायी येथे येतात. आषाढीची वारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या आकड्याचे नवल वाटत नाही, पण रस्त्याच्या कडेला लोक चालणाऱ्यांना खाऊ-पाणी देत उभे असतात हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. तळ्याकाठी १०८ फूट उंचीची शंकराची मूर्ती आहे, बडोद्याच्या सूरसागर तलावातील मूर्तीवरून घडवलेली; आणि मूर्तीभोवती माकडे आहेत, ती मात्र कोणत्याही नमुन्यावरून घडवलेली नसून स्वयंपूर्ण आहेत. मुंबईहून जपून आणलेल्या बाकरवडीचा शेवट अनेकदा याच ठिकाणी होतो.

दक्षिण दिशेच्या दिवशी शामारेल येथे ‘सात रंगांची माती’ पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते. लाकडी कठड्यापलीकडे उघड्या टेकाडांवर लाल, तपकिरी, जांभळ्या छटांचे पट्टे दिसतात, शेजारी कुंपणात मोठी कासवे असतात, आणि निघताना काचेच्या नळीत भरलेली रंगीत माती विकायला असते. ज्याच्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत आणि ज्याच्या आईने आयुष्यभर पांढऱ्या कपड्यांवरचे लाल डाग घासले आहेत, अशा माणसाला लाल माती पाहण्याचे पैसे देताना जी वेदना होते ती शब्दांत मांडणे अवघड आहे. “ही तर आपल्या रत्नागिरीची माती!” हे उद्गार येथे हमखास निघतात, तरुण मंडळी हमखास कपाळाला हात लावतात, आणि नेमक्या याच जागी कोकणसादृश्याच्या सिद्धान्ताला भूशास्त्राचा पाठिंबा मिळतो.

हा पाठिंबा थोडा सविस्तर सांगणे योग्य होईल. काळ्या बेसॉल्ट खडकावर उष्ण हवेत भरपूर पाऊस लाखो वर्षे पडत राहिला की त्यातील विरघळणारे घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. त्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळे माती लाल, पिवळसर किंवा जांभळट दिसते. कोकणातला जांभा दगड याच रीतीने तयार झाला आणि शामारेलची मातीही याच रीतीने, तेव्हा दोघांना एका गोत्राचे म्हणण्यास हरकत नाही. परंतु नाते याहून जवळचे आहे. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून तप्त द्रव्य सतत वर येत असते. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात, आणि वरचा भूपट्ट सरकत गेला तरी खालची ही चूल जवळपास तेथेच धगधगत राहते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट अशाच एका चुलीवरून जात असता जो प्रचंड लाव्हा बाहेर पडला त्याचे थर म्हणजे दख्खनचे पठार आणि सह्याद्री. भारत उत्तरेकडे निघून गेला, मागे चुलीने लक्षद्वीप आणि मालदीवकडची समुद्रतळावरची रांग उभारली, नंतर सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडवले, आणि आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली पेटलेली आहे. सारांश, ज्या चुलीवर सह्याद्रीची भाकरी भाजली गेली तिच्याच निखाऱ्यांवर मॉरिशस शेकले गेले आहे. उसाच्या शेतांत जागोजागी रचलेले काळ्या दगडांचे ढीग पाहून जे काका “हा तर आपलाच कातळ” म्हणाले, त्यांना भूशास्त्राचे अक्षरही येत नव्हते, तरी विधान बरोबर होते. आणि त्यांना गप्प करणारा त्यांचा अभियंता जावई चुकला होता. जावयाला हे सांगितले जाण्याची शक्यता मात्र, मराठी कुटुंबातील जावयाचे स्थान लक्षात घेता, कमी आहे.

दक्षिण टोकाला ग्री-ग्री येथे प्रवाळभिंत तुटलेली आहे. त्यामुळे पाळलेले निळे पाणी येथे संपते, महासागर थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतो, आणि पोहण्यास मनाईचे फलक दिसतात. सर्व पत्रकांत सर्वांत कमी वेळ या जागेला दिलेला असतो, कारण येथे करण्यासारखे काही नसते; फक्त उभे राहून ऐकायचे असते. गटातील बडबड येथे पहिल्यांदा थांबते. रत्नदुर्गाखालचा किंवा हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेवरचा समुद्र ज्यांच्या कानांत आहे त्यांना येथे तुलना बोलून दाखवावीशी वाटत नाही, आणि मॉरिशसमधील सर्वांत सुंदर ठिकाण कोणते यावर वाद घालायचाच झाला तर तो या कड्याच्या बाजूने घालावा.

जेवणाच्या बाबतीत सिद्धान्ताला थोडी मुरड घालावी लागते. रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारी ‘धोल पुरी’ हा तेथील सर्वांचा खाद्यपदार्थ. शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ पातळ पोळीत भरून ती भाजतात, दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यांत पावट्यासारख्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि मिरचीचा ठेचा घालतात व कागदात गुंडाळून देतात. मूळ ती भोजपुरी मजुरांची. पण पुरणपोळीच्या देशातून आलेल्या मावशींना प्रथम दर्शनी एकच गोष्ट दिसते, की या लोकांनी गूळ घालायचे विसरून वर मिरची लावली. दुसऱ्या घासाला विधान मागे घेतले जाते. डाळीच्या वाटल्या वड्यांना तेथे ‘गातो पिमाँ’, म्हणजे मिरचीचे केक, म्हणतात, आणि दूध-सब्जाचे फालुदासारखे पेय ‘आलुदा’ झाले आहे. फ्रेंच, आफ्रिकी, भारतीय शब्दांचे असे कढण होऊन जी बोली बनली तिला क्रिओल म्हणतात आणि घरोघरी तीच बोलली जाते.

ही माणसे तेथे कशी आली हे पोर्ट लुईच्या ‘आप्रवासी घाट’ या जागी कळते. गुलामगिरी १८३५ च्या फेब्रुवारीत संपली. मळेवाल्यांना माणसे हवी होती, म्हणून १८३४ पासूनच भारतातून करारावर मजूर आणणे सुरू झाले, आणि त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला आलेल्या ‘अ‍ॅटलस’ जहाजावरच्या ३६ जणांच्या आठवणीत तो दिवस आता देशभर सुट्टीचा असतो. इंग्रजीतल्या ‘ॲग्रीमेंट’चा मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला आणि त्यावरून ‘गिरमिटिया’. साडेचार लाखांहून अधिक माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून या धक्क्यावर उतरली. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी होते. त्यांना ‘साऊथ टूर’ नव्हती. ज्या मळ्यावर नेमले तोच त्यांचा कार्यक्रम, आणि शेतातले काळे दगड वेचून ते ढीग रचणे हे त्यातले एक ‘साइट-सीइंग’. ढिगाकडे पाहून “आपलाच कातळ” म्हणणारा पहिला मराठी माणूस काका नव्हेत, तो मजूर असणार. घाटावर युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाची पाटी लावली असली तरी पत्रकात त्या जागेला बाजारहाटाच्या वेळेतून वीस मिनिटे मिळतात, आणि पलीकडच्या संग्रहालयात १८४७ सालची दोन मौल्यवान टपाल तिकिटे आहेत, ज्यांच्यावरचा दिवा रंग उडू नये म्हणून थोडाच वेळ लावतात, त्यांच्या दर्शनासाठी लोक काकड आरतीसारखे ताटकळत असतात.

पश्चिम दिशेसाठी स्वतंत्र दिवस नसतो. परतताना ती वाटेत लागते. नैर्ऋत्य टोकावर ‘ल मोर्न’ हा ५५६ मीटरचा उभा कडा आहे, ज्याच्या कपारींत पळालेले गुलाम लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई येताना पाहून, ते पकडायलाच आले असे समजून, त्यांनी वरून उड्या टाकल्या अशी कथा तेथे सांगतात. पायथ्याशी बेटावरची महागडी हॉटेले आहेत. तेथून उत्तरेकडे उसाच्या पट्ट्यात मराठी मंडळींनी बांधलेली देवळे आहेत, गणेशचतुर्थीची देशाला सुट्टी आहे, शाळांत मराठी शिकवतात, आणि कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. मूळ गावाचे नाव बहुतेकांना उरलेले नाही, आणि नोंद करणाऱ्या कारकुनाने पणजोबांचे पहिले नावच आडनाव म्हणून लिहिल्यामुळे आडनावावरून गाव शोधण्याची आपली हुकमी युक्तीही येथे चालत नाही.

अशा एखाद्या देवळाच्या ओट्यावर, बस थांबलेली असताना, तेथील एखाद्या आजीबाई गटाला येऊन मिळतात. त्यांची मराठी शाळेच्या पुस्तकातली, स्वच्छ आणि थांबत थांबत येणारी, मधूनच क्रिओलचा शब्द घेणारी असते; आरती त्यांना काकांपेक्षा एक कडवे जास्त येते. पाहुणे महाराष्ट्रातले हे कळल्यावर त्या विचारतात, “कोकण कसं आहे हो?” आठवडाभर जे दर तासाला कोकणावर व्याख्यान देत आले ते काका प्रथमच चाचरतात, कारण गावचे घर बंद असून शेवटचे जाणे झाले ते अकरा वर्षांपूर्वी, जमिनीच्या कामासाठी, आणि तेही रात्रीच्या गाडीने परत. मागे काळा डोंगर, समोर ऊस, तांबडा रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र असतो. “अगदी तुमच्या इथल्यासारखंच,” काका म्हणतात. आजीबाईंना ते पटते, आणि सूर्य साडेपाचलाच बुडायला निघालेला असल्यामुळे टूर मॅनेजर शिट्टी वाजवतो.